पडद्यावरून उतरलेली कादंबरी

पुस्तकाची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न जुना आहे. परंतु दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एखाद्या मालिकेवरून बेतलेली कादंबरी हातीं आली, म्हणजे ह्या जुन्या प्रश्नाला एक नवी अडचण येऊन चिकटते. पुस्तक उघडण्यापूर्वींच त्याविषयींचें मत तयार झालेलें असतें. ज्यानें मालिका पाहिली व जिला ती आवडली, त्याला पुस्तकही चांगलेंच वाटतें. ज्यानें ती पाहिली नाहीं, किंवा पाहून नाक मुरडलें, तो वेष्टनावरील रंगीत चित्र पाहूनच तें बाजूस सारतो. दोघांनींही पुस्तक वाचलेलें नसतें. त्यांतून कथा विज्ञानाची असली, तिच्यांत परग्रह, यंत्रमानव व अवकाशयानें असलीं, म्हणजे तर निकाल सांगण्यास एक वाक्यही पुरतें: हा पोरखेळ आहे!

भोर तालुक्यांतील उत्रोलीसारखें गांव घ्यावें. तेथील एखाद्या घरचा दहावींतला मुलगा कांहीं कामानें पुण्यास जातो आणि येतांना जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून अशी एक इंग्रजी कादंबरी घेऊन येतो, अशी कल्पना करावी. वडील पुस्तक उलटेंपालटें करून म्हणतात, "अरे, हें तर टीव्हीवरचें. परीक्षा तोंडावर आली, आणि पैसे देऊन तूं हें आणलेंस?" मुलगा म्हणतो, "आप्पा, तुम्ही वाचून तर पाहा." आप्पा पुस्तक फळीवर ठेवून देतात आणि विषय तेथेंच मिटतो. अशीं संभाषणें शहरांतल्या सुशिक्षित घरांतही नित्य घडतात. त्यांत पैशाचा प्रश्न लहान असतो. खरा प्रश्न असा असतो कीं, स्वतःच्या आवडीनें इंग्रजी पुस्तक विकत घेणारा मुलगा उद्यां दुसरें पुस्तक घेईल कीं नाहीं. नकार चुकीच्या कारणासाठीं दिला गेला, तर एक वाचक कायमचा गमवावा लागतो. होकार विचार न करतां दिला, तर निःसत्त्व पुस्तकांची चटक लागते. म्हणून अशा पुस्तकाचा निकाल कोणत्या कसोटीनें लावावा, ह्याचा थोडा शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

पहिला आक्षेप येतो तो कुळावरून. जी कृति प्रथम दुसऱ्या माध्यमांत जन्मली आणि मागाहून ग्रंथरूपास आली, ती उसनी, म्हणून हीन, असें पुष्कळांस वाटतें. महाराष्ट्रांत तरी हा आक्षेप घेतला जाऊं नये. नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं केलेलें निरूपण सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतलें, अशी परंपरा आहे. म्हणजे मराठीचा मुकुटमणि असा जो ग्रंथ, तो आधीं बोलला गेला व मग लिहिला गेला. विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत झालीं आणि साने गुरुजींनीं तीं टिपून घेतलीं, म्हणून आज तीं घरोघर आहेत. आणि नभोवाणीचेंच उदाहरण हवें असल्यास 'गीतरामायण' आहे. ग. दि. माडगूळकरांनीं रचलेलीं व सुधीर फडके यांनीं स्वरबद्ध केलेलीं छप्पन्न गीतें पुणें केंद्रावरून १९५५ च्या एप्रिलपासून आठवड्याला एक ह्या क्रमानें प्रक्षेपित झालीं. पुस्तक त्यानंतर आलें. विज्ञानकादंबरीची योग्यता ह्या ग्रंथांच्या बरोबरीची आहे, असा येथें मुळींच अर्थ नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, पुस्तक कोठून आलें ह्यावरून तें कसें आहे हें ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. तो व्यापाराचा होय. अशीं पुस्तकें बहुधा कशीं तयार होतात, हें पाहिलें म्हणजे आक्षेपांतील तथ्य कळतें. प्रकाशक मालिकेच्या मालकाकडून हक्क विकत घेतो. कोणा लेखकाला ठराविक रक्कम व थोडी मुदत देतो. लेखकाच्या हातीं संहिता येते, कित्येकदां चित्रण पुरें होण्याच्याही आधीं. पात्रें त्याचीं नसतात. त्यांना तो मारूं शकत नाहीं, बदलूंही शकत नाहीं, कारण पुढील आठवड्यांत तींच पात्रें पडद्यावर पुनः यावयाचीं असतात. कधीं कधीं वेष्टनावरील नांवही खऱ्या लेखकाचें नसतें. 'स्टार वॉर्स' हा चित्रपट १९७७ सालीं आला. त्याची कादंबरी त्याच्या आधींच, १९७६ सालीं, जॉर्ज ल्यूकस यांच्या नांवानें निघाली, परंतु ती लिहिली होती अॅलन डीन फॉस्टर यांनीं. अशा व्यवस्थेंतून बरीच पुस्तकें केवळ संहितेचीं टांचणें होऊन बाहेर पडलीं, तर त्यांत नवल कसलें?

तरीही टांचणाला सुद्धां त्याचें त्याचें काम असूं शकतें. अमेरिकेंतील 'स्टार ट्रेक' मालिकेच्या भागांवरून जेम्स ब्लिश यांनीं १९६७ पासून कथासंग्रह लिहिले; त्यांचे बारा भाग झाले आणि ब्लिश १९७५ सालीं वारल्यावर अखेरचा भाग त्यांच्या पत्नीनें पुरा केला. इंग्लंडांतील 'डॉक्टर हू' ह्या मालिकेवरील पहिलें पुस्तक डेव्हिड व्हिटेकर यांनीं १९६४ सालीं लिहिलें; पुढें टेरन्स डिक्स ह्या एकाच गृहस्थांनीं साठांहून अधिक पुस्तकें लिहून काढलीं. आकारानें तीं लहान, भाषा सोपी, वाक्यें आंखूड. परंतु त्या काळीं चित्रवाणीवरील भाग घरीं टिपून ठेवण्याची सोय नव्हती. एकदां हुकलेला भाग पुनः दिसेल, ही आशा थोडी. मुलांना गोष्ट पुनः भेटावयाची ती ह्या पुस्तकांतच. वाचनाची गोडी अनेक इंग्रज मुलांना ह्या छोट्या पुस्तकांनींच लागली. अशा पुस्तकाकडून मोठ्या साहित्यगुणांची अपेक्षा करणें म्हणजे बाळबोध पुस्तकाकडून महाकाव्याची अपेक्षा करण्यासारखें आहे. पण म्हणून बाळबोध पुस्तक निरुपयोगी ठरत नाहीं. वय वाढल्यावर मुलानें तेथेंच थांबूं नये, इतकें मात्र पाहिलें पाहिजे.

टांचणाच्या वरची पायरी कोणती, हें आयझॅक असिमॉव्ह यांच्या एका पुस्तकावरून चांगलें कळतें. 'फॅन्टॅस्टिक व्हॉयेज' हा चित्रपट १९६६ सालचा. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूंत रक्ताची गांठ झाली आहे. ती काढण्यासाठीं एक पाणबुडी व तिच्यांतील माणसें जंतूएवढीं लहान करून त्याच्या रक्तवाहिनींत सोडतात. साठ मिनिटांनीं सारें पुनः मूळ आकाराचें व्हावयाचें, म्हणून घाई. कल्पना मनोरंजक खरी. पण चित्रपटाच्या शेवटीं माणसें बाहेर येतात आणि पाणबुडी आंतच राहते. ती एका पांढऱ्या पेशीनें गिळलेली असते, एवढ्यावर चित्रपटकर्ते समाधान मानतात. कादंबरी लिहिण्याचें काम असिमॉव्ह यांच्याकडे आलें, तेव्हां ही गोष्ट त्यांना पटली नाहीं. गिळलेली असो वा मोडलेली, पाणबुडीचे अणु आंतच असणार आणि वेळ भरतांच ते वाढणार. मग रोगी वांचेल कसा? म्हणून कादंबरींत त्या पांढऱ्या पेशीलाच नायक आपल्या मागोमाग डोळ्यापर्यंत ओढून आणतो आणि पाणबुडीसह सारें कांहीं अश्रूच्या वाटेनें बाहेर पडतें. कादंबरी चित्रपटाच्या आधीं प्रसिद्ध झाल्यामुळें कित्येकांचा असा समज झाला कीं, चित्रपटच तिच्यावरून काढला आहे.

येथें एक कसोटी हातीं लागते. विज्ञानकथेला एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असते. माणूस जंतूएवढा होतो, हें मान्य केलें. परंतु तें एकदां मान्य केल्यावर पुढचें सर्व त्यांतून नियमानेंच निघालें पाहिजे. पडदा चित्राच्या वेगावर हा हिशेब चुकवूं शकतो. कारण प्रेक्षकाला थांबून विचार करावयास सवड नसते. वाचकाला ती असते. तो पान उलटण्यापूर्वीं थांबतो, मागचें पान काढतो, आणि विचारतो, "मग त्या पाणबुडीचें काय झालें?" म्हणून पडद्यावरून आलेल्या चांगल्या कादंबरीनें पडद्यानें टाळलेल्या प्रश्नाला सामोरें गेलें पाहिजे. जी तसें करीत नाहीं, तिनें चित्राची केवळ नक्कल केली, असें म्हणावें.

ह्या जातींतील एक कादंबरी मराठी वाचकाला विशेष जवळची वाटावी अशी आहे. तिचें नांव 'ए फॉर अँड्रोमेडा'. बी.बी.सी.नें १९६१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत ह्या नांवाची सात भागांची मालिका दाखविली आणि १९६२ सालीं तिची कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखक दोन: चित्रवाणीसाठीं लिहिणारे जॉन एलियट, आणि केंब्रिजचे विख्यात खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. हे हॉइल म्हणजे भाड्यानें कथा लिहिणारे गृहस्थ नव्हेत. ताऱ्यांच्या पोटांत मूलद्रव्यें कशीं घडतात, ह्या विषयावरील त्यांचें कार्य जगन्मान्य आहे. 'द ब्लॅक क्लाउड' ही त्यांची स्वतंत्र विज्ञानकादंबरी १९५७ सालींच आलेली होती. नभोवाणीशीं त्यांचा संबंध तर जुनाच. १९४९ च्या मार्चांत बी.बी.सी.वरील एका भाषणांत विश्वाच्या स्फोटक आरंभाला 'बिग बँग' हें नांव त्यांनींच दिलें, आणि मौज अशी कीं ती उपपत्ति त्यांना स्वतःला कधींच मान्य झाली नाहीं. पुढें विश्वस्वरूपावरील त्यांचीं भाषणें १९५० सालीं पुस्तकरूपानें निघालीं व तें पुस्तक हातोहात खपलें. बोललेलें अथवा दाखविलेलें छापलें म्हणजे तें आपोआप हलकें होतें, असें त्यांच्या बाबतींत तरी कोणी म्हणूं शकणार नाहीं.

कथेचा आरंभ यॉर्कशरच्या माळरानावर नव्यानेंच उभारलेल्या एका रेडिओ-दुर्बिणीपाशीं होतो. देवयानी तारकासमूहाच्या दिशेनें येणारी एक खूण तिच्यांत सांपडते. ती तुटक आहे, परंतु निरर्थक नाहीं. फ्लेमिंग नांवाचा एक तरुण, तापट, कोणाचें न ऐकणारा गणिती ती उकलतो. तिच्यांत शून्य व एक ह्या दोनच अंकांत लिहिलेला मजकूर आहे: एका प्रचंड गणकयंत्राचा आराखडा, तें चालविण्याची सूत्रें, आणि त्याला पुरवावयाची माहिती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, लष्कराच्या ताब्यांतील एका जागीं तें यंत्र बांधलें जातें. बांधून होतांच तें प्रश्न विचारूं लागतें. येथील सजीव कशाचे बनले आहेत? डॉनी नांवाच्या जीवशास्त्रज्ञ बाई त्याच्या मार्गदर्शनानें प्रयोगशाळेंत जिवंत पेशी निर्माण करतात. पुढें काय घडतें, तें येथें सांगणें योग्य नव्हे. इतकेंच सांगतां येईल कीं, यंत्र माणसाला एकामागून एक देणग्या देतें. ते जखमा भरून काढणारें औषध शिकवितें, क्षेपणास्त्रें अडविण्याची विद्या शिकवितें. आणि प्रत्येक देणगीबरोबर सरकार, सेनाधिकारी व नफा पाहणारी एक बडी कंपनी त्याच्या अधिकच अधीन होत जातात. एकटा फ्लेमिंग विचारीत राहतो कीं, हा मजकूर ज्यानें धाडला, त्यानें तो कशासाठीं धाडला?

ही कल्पना हवेंतून आलेली नव्हती. रेडिओलहरींनीं दूरच्या बुद्धिमान सृष्टीचा शोध घेतां येईल, असें कोकोनी व मॉरिसन ह्या दोन शास्त्रज्ञांनीं 'नेचर' नियतकालिकांत १९५९ सालीं दाखवून दिलें होतें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत फ्रँक ड्रेक यांनीं दोन जवळच्या ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून तसा प्रयत्नही केला होता. सजीवांच्या पेशींत वारशाची लिपि कशी असते, तें १९५३ सालीं केंब्रिजमध्येंच उलगडलें होतें. ह्या दोन गोष्टी हॉइल यांनीं एकत्र आणल्या. ताऱ्याताऱ्यांमधील अंतरें अफाट. तेथून येथवर यान धाडणें दुर्घट. पण मजकूर प्रकाशाच्या वेगानें येतो. मग स्वारी करावयाची तर सैन्य कशाला हवें? आराखडा धाडला, आणि तो अंमलांत आणण्याइतके हुशार व अधीर लोक दुसऱ्या टोकाला असले, म्हणजे झालें! परग्रहवासीयांच्या स्वाऱ्यांच्या शेंकडों कथा लिहिल्या गेल्या आहेत. पण त्यांतील फारच थोड्यांत शत्रूनें आपलें पाऊलही न हलवितां माणसाच्याच हातून आपलें काम करून घेतलें आहे.

पुण्याच्या वाचकाला ह्या कथेचें स्थळ परकें वाटूं नये. भोर जिल्ह्याच्या दक्षिणेच्या टोकाला, तर उत्तरेस जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या प्रयत्नानें उभारलेली रेडिओ-दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरांच्या परिसरांत पसरलेल्या आहेत. फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञानदिनाच्या निमित्तानें तेथें शाळकरी मुलांची रीघ लागते. ज्यानें ती तबकडी प्रत्यक्ष पाहिली आहे, त्याला कादंबरीचीं पहिलीं प्रकरणें वाचतांना कल्पनेला ताण द्यावा लागत नाहीं. आणि शरद ऋतूंत, पाऊस ओसरल्यावर, भोरच्या डोंगरांत गांवाच्या दिव्यांपासून जरा दूर उभें राहिलें, तर देवयानींतील ती दीर्घिका नुसत्या डोळ्यांनींही धुरकट ठिपक्यासारखी दिसते. तिचा प्रकाश तेथून निघाला त्याला सुमारें पंचवीस लक्ष वर्षें झालीं. कथेचें नांव जिच्यावरून पडलें, तिची ओळख पुस्तकाबाहेर अशी फुकट होऊं शकते.

आतां गुणदोष. पहिला गुण असा कीं, शास्त्रज्ञ कसे विचार करतात, कसे भांडतात, आणि आनंदाच्या भरांत धोका कसा नजरेआड करतात, तें आंतून ठाऊक असलेल्या माणसानें हें लिहिलें आहे. पैसा कोण देतो, जागा कोणाच्या ताब्यांत, शोधाची बातमी प्रथम कोणाला सांगावयाची, ह्या क्षुद्र वाटणाऱ्या गोष्टींवरच शोधाचें भवितव्य ठरतें, हें त्यांत फार चांगलें उतरलें आहे. दुसरा गुण डॉनीबाईंच्या चित्रणाचा. १९६२ सालच्या कादंबरींत एक प्रौढ स्त्री निव्वळ आपल्या विद्येच्या बळावर वावरते, तिच्या स्त्रीपणाबद्दल कोणी व्याख्यान झोडीत नाहीं, हें लक्षांत राहतें. तिसरा गुण सर्वांत मोठा. जें यंत्र विचाराल त्याचें उत्तर देतें, परंतु ज्याचा मूळ हेतु कोणास ठाऊक नाहीं, त्याच्यावर कितपत विसंबावें, हा प्रश्न १९६१ सालीं कल्पनेचा होता. आज, कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें प्रत्येकाच्या खिशांत येऊन बसलीं असतां, तो घरचा प्रश्न झाला आहे. दहावींतल्या मुलानें आज जो एक प्रश्न विचारावयास शिकलें पाहिजे, तो फ्लेमिंग प्रत्येक प्रकरणांत विचारतो.

दोष लपविण्यांत अर्थ नाहीं. पुस्तकाचा सांधा जागोजाग दिसतो. प्रसंग पडद्यावरच्यासारखे तुटतात. दोन पानांत तीन ठिकाणें बदलतात आणि वाचकाला उगाच धांवावें लागतें. बडी कंपनी व तिचे हस्तक केवळ दुष्टपणापुरते आहेत. त्यांना स्वतःचें असें मन नाहीं. फ्लेमिंगचा तापटपणा प्रथम आवडतो व पुढें थकवितो. कथेंतली तरुण गुप्तहेर बाई प्रेमप्रकरणाच्या सोयीसाठीं घातल्यासारखी वाटते. अमेरिका व रशिया यांच्यामधील त्या काळच्या शीतयुद्धाची माहिती नसल्यास मधलीं कांहीं प्रकरणें कोरडीं वाटतील. तेथें वडील माणसानें चार वाक्यांत तो संदर्भ सांगावा. दालनभर पसरलेलें गणकयंत्र आजच्या मुलाला हास्यास्पद वाटण्याचा संभव आहे. पण एकदां हंसून झालें कीं, यंत्राचा आकार लहान झाल्यानें प्रश्नाचा आकार लहान झालेला नाहीं, हें त्याच्याही ध्यानांत येईल. ह्या कादंबरीचा 'द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू' हा उत्तरार्ध १९६४ सालीं निघाला. पहिल्या भागांत कल्पना कथेला ओढीत होती, दुसऱ्यांत कथेला कल्पना ओढावी लागते. तो न वाचल्यानें फारसें कांहीं बिघडणार नाहीं.

मूळ मालिकेचें पुढें काय झालें, तें ह्या संदर्भांत अवश्य सांगितलें पाहिजे. चित्रफीत त्या काळीं महाग असे. जुने कार्यक्रम पुसून त्याच फितीवर नवे टिपले जात. ह्या सात भागांपैकीं बहुतेक नाहींसे झाले. सबंध असा एकच भाग पुढें पुष्कळ वर्षांनीं हातीं लागला, बाकीच्यांचे तुकडे तेवढे उरले. जूली ख्रिस्ती ह्या पुढें विख्यात झालेल्या नटीची आरंभींची महत्त्वाची भूमिका ह्या मालिकेंत होती. तीही बव्हंशीं गेली. म्हणजे ज्या पुस्तकाला लोक पडद्याची सावली म्हणत, तेंच आज मूळ वस्तूच्या जागीं उभें आहे. पडद्यावरील चित्र पाहण्याची सोयच न उरल्यामुळें त्याला स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागतें, आणि वर सांगितलेल्या दोषांसकट तें उभें राहतें. ह्याहून स्पष्ट परीक्षा कोणत्याही पुस्तकाची क्वचितच झाली असेल.

मराठी वाचकाशीं ह्या पुस्तकाचें नातें आणखी एका कारणानें जुळतें. मालिका तयार होत होती, त्याच वर्षांत कोल्हापुरांत जन्मलेले एक तरुण गणिती केंब्रिजमध्यें हॉइल यांच्या हाताखालीं संशोधन करीत होते. ते जयंत विष्णु नारळीकर. १९६३ सालीं त्यांना तेथें डॉक्टरेट मिळाली. पुढें ते स्वदेशीं परतले, आणि १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत त्यांनीं 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' ह्या टोपणनांवानें धाडली. परीक्षकांवर आपल्या नांवाचें दडपण येऊं नये, हा हेतु. आद्याक्षरें उलट क्रमानें वाचलीं कीं, तीं त्यांचींच होत. कथेला पहिलें पारितोषिक मिळालें. ज्या काळीं विज्ञानकथा म्हणजे मुलांची करमणूक असें समजलें जाई, त्या काळीं एका कृतविद्य शास्त्रज्ञानें नांव झांकून तिची परीक्षा करवून घेतली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाला फारच लागू आहे. वेष्टन झांकून पुस्तक वाचावें, असें जें म्हणतात, तें त्यांनीं लेखकाच्या बाजूनें करून दाखविलें.

त्यांची 'वामन परत न आला' ही कादंबरी हॉइल यांच्या पुस्तकाशेजारीं ठेवून वाचण्याजोगी आहे. हॉइल यांच्या कथेंत मजकूर आकाशांतून येतो. नारळीकरांच्या कथेंत तो जमिनीच्या पोटांतून, एका लुप्त झालेल्या प्रगत संस्कृतीच्या ठेव्यांतून निघतो. दोहोंकडे माणूस तो उकलतो आणि त्यांतील सूचनांबरहुकूम यंत्र घडवितो. दोन्ही कथा एकाच कुळांतल्या वाटतात. पण मराठी कथेच्या नांवांतच बळीची गोष्ट आहे. तीन पावलें जमीन मागणारा तो लहानसा बटु पाहतां पाहतां केवढा झाला, हें येथील प्रत्येक मुलानें आजीकडून ऐकलेलें असतें. त्यामुळें जो धोका इंग्रज लेखकाला दोनशें पानांत समजावून द्यावा लागतो, तो मराठी वाचकाला एका शब्दांत कळतो. गुरूच्या विषयावर शिष्यानें आपल्या मातींतला साज चढविला, असें दोन्ही पुस्तकें लागोपाठ वाचणाराला वाटल्यावांचून राहत नाहीं. नारळीकर २० मे २०२५ रोजीं पुण्यांत वारले. त्यांच्या मागें हें लेखन राहिलें आहे, आणि तें वाचणारा नवा वाचक कोठून यावयाचा, हा प्रश्नही राहिला आहे. जो मुलगा पडद्यावरची विज्ञानकथा पुस्तकांतून वाचूं लागला, तोच तेथवर पोंचण्याचा संभव अधिक.

ह्या सर्वांतून घरगुती उपयोगाच्या कांहीं कसोट्या निघतात. वेष्टन कागदानें झांकावें व पुस्तक मधेंच कोठें तरी उघडून पांच पानें वाचावीं. मालिका न पाहिलेल्या माणसाला त्या पानांतील माणसें दिसतात काय? ज्याच्या डोळ्यांपुढें नट असेल तरच पात्र उभें राहत असेल, तर तें पुस्तक नटाच्या जिवावर जगतें आहे. मग लेखक कोण तें पाहावें. त्यानें स्वतःच्या बळावर दुसरें कांहीं लिहिलें आहे काय, आणि ही कल्पना त्याची स्वतःची कीं त्याला दिलेली? नंतर कथेंतील मुख्य अशक्य गोष्ट कोणती तें शोधावें, आणि ती मान्य केल्यावर पुढचा हिशेब जुळतो कीं नाहीं तें ताडून पाहावें. दहावींतल्या मुलाला हें काम वडिलांहूनही चांगलें साधतें. आणि शेवटीं, पुस्तक मिटल्यावर दुसऱ्या दिवशीं कोणता प्रश्न मनांत उरला आहे, तें विचारावें. कांहींच उरला नसेल तर पुस्तक वाईट होतें असें नव्हे. तें करमणुकीचें होतें, आणि करमणुकीला ग्रंथालयाची वर्गणी पुरते, विकत घेण्याची गरज नाहीं.

ह्या मापानें पाहतां पडद्यावरून उतरलेल्या कादंबऱ्यांपैकीं बऱ्याच प्रवासांत वाचून सोडून देण्याजोग्या ठरतील. कांहीं लहान मुलांना वाचनाच्या पहिल्या पायरीवर चढविण्यापुरत्या उपयोगी पडतील. आणि थोड्या, असिमॉव्ह यांच्या पुस्तकासारख्या, पडद्याची चूक दुरुस्त करणाऱ्या निघतील. 'ए फॉर अँड्रोमेडा' त्याहूनही पुढें जाते. चौदापंधरा वर्षांच्या पुढील, साधें इंग्रजी वाचतां येणाऱ्या कोणीही ती अवश्य वाचावी. पहिल्या वाचनांत गोष्टीच्या ओघांत जावें. दुसऱ्या वाचनांत मात्र प्रत्येक देणगीपाशीं थांबून ती घ्यावी कीं नाहीं, ह्याचा निर्णय स्वतः करून पाहावा. घरांतील दोन माणसांनीं तो वेगवेगळा केला आणि त्यावरून रात्रीच्या जेवणाला उशीर झाला, तर पुस्तकाचे पैसे वसूल झाले असें खुशाल समजावें.